डोक्याला मार लागल्यानंतरचे न दिसणारे दिव्यांगत्व: मुंबईत त्याची नोंद, प्रमाणपत्र आणि भरपाई कशी मिळवावी

हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे ज्यांच्या घरातील माणूस रस्त्यावरील अपघातात, लोकलमधून पडून किंवा कामाच्या ठिकाणी उंचावरून कोसळून डोक्याला मार लागल्यावर बरा होऊन घरी आला आहे, ज्याची जखम भरली आहे, ज्याला पाहून सगळे "थोडक्यात निभावले" म्हणतात, आणि तरीही घरच्यांना रोज जाणवते की हा माणूस पूर्वीचा राहिलेला नाही. माझ्या यजमानांना पूर्व द्रुतगती महामार्गावर टेम्पोने धडक दिली, त्यानंतर रुग्णालय, पोलीस ठाणे, दिव्यांगत्व तपासणारे वैद्यकीय मंडळ आणि भरपाई ठरवणारे न्यायाधिकरण हा सगळा प्रवास मी त्यांच्याबरोबर केला. या प्रवासात एक गोष्ट पदोपदी जाणवली, ती म्हणजे हात मोडला तर एक्स-रे बोलतो, पण स्मरणशक्ती, स्वभाव आणि निर्णयक्षमता मोडली तर ते कोणीतरी वेळच्या वेळी कागदावर उतरवावे लागते. कायदा कागदावर उतरलेले तेवढेच पाहतो. म्हणून पुढील पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्याव्यात.

१. नेमके काय बिघडले आहे ते ओळखा

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज किंवा कवटीचे फ्रॅक्चर दिसते. परंतु वेगात असलेले डोके एकदम थांबल्यावर मेंदूच्या आतील जे सूक्ष्म तंतू ताणले जातात किंवा तुटतात, ते सीटीमध्ये बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे "सीटी नॉर्मल आहे" या वाक्याचा अर्थ एवढाच की तातडीने शस्त्रक्रिया करावी असे काही आढळले नाही.

दुसरा गैरसमज "सौम्य" या शब्दाचा आहे. रुग्णालयात पहिल्या काही तासांत रुग्ण किती शुद्धीवर आहे हे ग्लासगो कोमा स्केलने मोजतात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य, ९ ते १२ म्हणजे मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर दुखापत. हे वर्गीकरण त्या तासांपुरते असते. पुढे आयुष्यावर काय परिणाम होईल याचे ते भाकीत नव्हे, परंतु पुढे भरपाईच्या दाव्यात धडक देणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीचे वकील डिस्चार्ज कार्डावरील याच शब्दावर बोट ठेवतात, हे आधीच लक्षात असू द्या.

घरी लक्ष ठेवण्याजोगी लक्षणे अशी: नुकतेच सांगितलेले विसरणे, एका वेळी दोन कामे न जमणे, काम सुरू केल्यावर मध्येच सोडून देणे, थोड्याशा श्रमाने मेंदू पूर्ण थकणे, गोंगाट आणि प्रखर उजेड सहन न होणे, क्षुल्लक कारणावरून संताप, पैशाच्या व्यवहारात भोळेपणा, उदासी, झोपेची घडी विस्कटणे, चक्कर आणि वास न येणे. वास जाणे ही बाब लोक हसण्यावारी नेतात, पण गॅस गळत असेल तर अशा माणसाला ते कळत नाही. काही जणांना अपघातानंतर अनेक महिन्यांनी पहिली फीट येते, तर काहींमध्ये पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला इजा झाल्याने संप्रेरके कमी पडतात आणि तो थकवा आळस समजला जातो. ही दोन्ही कारणे डॉक्टरांना नेमकी विचारून घ्यावीत, कारण दोन्हींवर उपचार आहेत.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे स्वतःतील उणिवेची जाणीवच नसणे. मेंदूच्या पुढील भागाला मार लागलेला रुग्ण अगदी मनापासून "मी ठणठणीत आहे" असे सांगतो. तो खोटे बोलत नसतो आणि हट्टही करत नसतो, त्याच्या दुखापतीचाच तो एक भाग असतो. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीमुळे अवघड होते.

२. सुरुवातीचे कागद हातचे जाऊ देऊ नका

रुग्णालयात दाखल करतानाच एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक नोंद, झाली आहे ना ते पाहा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. अपघात कसा झाला, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, किती वेळाचे काहीच आठवत नाही, हे सगळे पहिल्याच केस पेपरवर यायला हवे. रस्ते अपघातग्रस्तांसाठी २०२५ मध्ये केंद्र सरकारने लागू केलेल्या कॅशलेस योजनेत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार मिळू शकतो, त्यासाठीही पोलिसांतील नोंद उपयोगी पडते.

एफआयआरमध्ये दुखापत "साधी" की "गंभीर" हे फार महत्त्वाचे असते. हाड मोडलेले नसले की पोलीस पुष्कळदा साधी दुखापत लिहून मोकळे होतात. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार जिवाला धोका निर्माण करणारी, अथवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी किंवा तेवढे दिवस नेहमीचे व्यवहार करू न देणारी दुखापतही गंभीर ठरते. तेव्हा रजेचा वैद्यकीय दाखला आणि डिस्चार्ज कार्ड जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे सगळी कागदपत्रे, असे समजू नका. आंतररुग्ण विभागातील पूर्ण केस पेपर मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, तर त्या जपून ठेवण्याचे बंधन ३ वर्षांचेच आहे. ज्यांचे प्रकरण रेंगाळते त्यांच्या हाती नंतर काहीच लागत नाही. या जाड गठ्ठ्यात सर्वांत मोलाची असतात ती परिचारिकांनी लिहिलेली पाने. आमच्या डिस्चार्ज कार्डावर "रुग्ण शुद्धीवर, प्रकृती स्थिर" इतकेच होते, मात्र रात्रपाळीच्या सिस्टरने लिहून ठेवले होते की रुग्ण गोंधळलेला आहे, सलाइन ओढून काढतो आणि आपण कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा विचारतो. त्या दोन ओळींनी आमची बाजू जितकी सावरली तितकी कोणत्याही महागड्या तपासणीने सावरली नाही.

३. रोजनिशी लिहा, आणि नेमकी लिहा

दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, काय घडले, अपघातापूर्वी हेच काम कसे होत असे, आणि कोणी पाहिले, एवढे लिहा. "सतत विसरतात", "फार चिडतात" अशी वाक्ये वैद्यकीय मंडळापुढेही टिकत नाहीत आणि न्यायाधिकरणातही टिकत नाहीत. माझ्या वहीतील दोन नोंदी नमुन्यादाखल देते.

"मंगळवार, सकाळी सात. दूध तापत ठेवून पेपर वाचायला बसले. दूध उतू जाऊन भांडे करपले. शेजारच्या काकू वास आला म्हणून धावत आल्या. हे ओट्यापासून चार पावलांवर बसले होते, यांना वास आला नाही."

"गुरुवार, संध्याकाळी. दादरहून भांडुपला यायला स्लो लोकलऐवजी फास्ट पकडली. ठाण्याला उतरून फोन केला आणि मला विचारले की आपण कुठे निघालो होतो. या मार्गावर पंधरा वर्षे रोज ये-जा होती."

दुसऱ्या नोंदीतील शेवटचे वाक्य गाळू नका, कारण पूर्वी काय जमत होते हे सांगितल्याशिवाय नुकसान सिद्ध होत नाही. त्याच कारणासाठी अपघातापूर्वीचे पुरावेही गोळा करावेत: कार्यालयातील कामाचा वार्षिक अहवाल, त्यांच्या हातच्या हिशेबाच्या वह्या, सोसायटीचे सचिवपद सांभाळले असल्यास त्या वेळची पत्रे. सहकारी आणि शेजारी यांची नावे आत्ताच लिहून ठेवा, पुढे साक्षीसाठी त्यांची गरज पडते.

४. योग्य तपासण्या योग्य वेळी करा

एमआरआय करायचा झाल्यास डॉक्टरांना सूक्ष्म रक्तस्राव दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआय पद्धतीविषयी विचारावे, कारण साध्या एमआरआयमध्ये निसटलेले बारीक ठिपके तिच्यात दिसू शकतात. परंतु एमआरआय स्वच्छ आला म्हणून खचू नका. न दिसणाऱ्या परिणामांचा कणा म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी. प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट काही तास बसून लक्ष, स्मरण, विचारांचा वेग, नियोजन आणि भाषा स्वतंत्रपणे मोजतात. भारतीय रुग्णांसाठी बंगळुरूच्या निम्हान्सने तयार केलेला चाचणीसंच त्यासाठी वापरला जातो. ओपीडीत दहा मिनिटांत होणारी ३० गुणांची चाचणी ही केवळ चाळणी असते. शिकलेला माणूस तिच्यात सहज उत्तीर्ण होतो आणि मग तोच कागद त्याच्याविरुद्ध वापरला जातो.

चाचणी शक्यतो मातृभाषेत व्हावी, हा आग्रह धरा. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला लावली, तर कमी गुणांचा दोष भाषेवर ढकलता येतो. बोलण्यात अडखळणे किंवा शब्द न सुचणे असेल तर वाचाविकारतज्ज्ञांचा स्वतंत्र अहवाल घ्यावा. वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच क्षेत्रात काम करते. पुनर्वसनासाठी हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. केईएम, शीव, नायर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांतही संबंधित विभाग आहेत.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. त्यामुळे एक चाचणी सुरुवातीच्या काळात आणि दुसरी वर्षभराने केल्यास काय भरून आले आणि काय कायमचे गेले, हे दोन अहवाल शेजारी ठेवून दाखवता येते.

५. दिव्यांगत्व प्रमाणपत्र: प्रवर्गाचा गुंता

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व दिलेले आहे, आणि मेंदूची दुखापत हे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. येथेच बहुतेक लोक माघारी फिरतात. वास्तविक दुखापतीच्या परिणामानुसार प्रवर्ग शोधायचा असतो. एका बाजूची कमजोरी असेल तर अस्थिव्यंग, शब्द हरवले असतील तर वाचा व भाषा दिव्यांगत्व, आणि विचार, मनःस्थिती, स्मृती किंवा भान यांत मोठा बिघाड असेल तर मानसिक आजार हा प्रवर्ग तज्ज्ञांपुढे मांडता येतो. चिरकालीन मज्जासंस्थेचे आजार हाही एक प्रवर्ग कायद्यात आहे. "मानसिक आजार" हे शब्द ऐकून कुटुंबे बिचकतात. माझे स्पष्ट मत आहे की त्या शब्दाच्या भीतीने हक्क सोडू नये.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो आणि त्यातून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्रही मिळते. राहत्या जिल्ह्यातील किंवा जेथे उपचार सुरू आहेत तेथील अधिकृत रुग्णालय निवडता येते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक लाभांचे दार उघडते. मानसिक आजाराच्या प्रवर्गात मूल्यमापन 'आयडियाज' या भारतीय मोजपट्टीने होते. तिच्यात स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार क्षेत्रांना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात आणि आजाराच्या कालावधीचे गुण त्यांत मिळवले जातात. आपली रोजनिशी याच चार मथळ्यांखाली दोन पानांत आवरून नेल्यास डॉक्टरांचे काम सोपे होते.

एकाहून अधिक प्रवर्ग लागू झाल्यास टक्केवारीची सरळ बेरीज होत नाही. ४० आणि २० टक्के मिळाले तर ठरलेल्या सूत्राने एकूण सुमारे ५१ टक्के होतात. तेव्हा ६० लिहिले नाही म्हणून मंडळाशी वाद घालू नये.

मंडळापुढील खरा सापळा निराळाच आहे. सकाळची वेळ, ताजा माणूस, समोर डॉक्टर आणि पाच-दहा मिनिटांचे बोलणे. यजमानांना विचारले, "काय त्रास होतो?" ते म्हणाले, "काही नाही, बरा आहे मी." मग त्यांनी पत्ता, वार आणि पंतप्रधानांचे नाव अचूक सांगितले. तेच गृहस्थ दुपारी घरी येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहिले आणि जेवलो की नाही हे संध्याकाळी त्यांना सांगता आले नाही. म्हणून नातेवाइकाने आपले म्हणणे लेखी न्यावे, ते केस पेपरला जोडण्याची विनंती करावी आणि रुग्णाला न दुखावता आपल्यालाही स्वतंत्र बोलू द्यावे, असे नम्रपणे सांगावे. अर्ज फेटाळला गेला किंवा टक्केवारी मान्य नसेल, तर याच अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील करता येते.

६. दावा कोठे आणि कोणत्या मुदतीत करावा

रस्ते अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली अर्ज करावा. अपघात जेथे घडला, दावेदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो चालतो. म्हणजे अपघात पुणे रस्त्यावर झाला तरी मुंबईकराला मुंबईत दावा करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, परंतु त्यावर विसंबून थांबू नये. दिव्यांगत्व प्रमाणपत्र यायचे असले तरी दावा दाखल करावा आणि प्रमाणपत्र नंतर जोडावे. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्या. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची तरतूद आहे.

लोकलमधून पडल्यास मार्ग वेगळा आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४अ खाली रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे एका वर्षाच्या आत अर्ज करावा. येथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि भरपाईची कमाल मर्यादा ८ लाख रुपये आहे. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र यात बसत नाही, म्हणून स्टेशन मास्तरचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा यांत नेमके काय लिहिले गेले ते लगेच वाचा. गर्दीत तिकीट किंवा पास हरवला असेल तरी दावा आपोआप बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की दावेदाराने प्रतिज्ञापत्राने प्राथमिक भार पेलल्यावर पुढची जबाबदारी रेल्वेकडे जाते.

कामावर असताना झालेल्या इजेसाठी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) किंवा कामगार भरपाईचा मार्ग आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, आणि १५१०० ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

सोबत ठेवायची कागदपत्रे: एफआयआर, पंचनामा आणि सविस्तर अपघात अहवाल; एमएलसीची प्रत; पूर्ण आंतररुग्ण केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, सर्व स्कॅनच्या फिल्म व अहवाल; न्यूरोसायकॉलॉजिकल आणि वाचाविषयक अहवाल; औषधांची व टॅक्सी-रिक्षाची बिले; पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रे किंवा धंद्याचे बँक खाते; रजेचा तपशील; आधार, वयाचा पुरावा; वाहनाच्या विम्याची माहिती; आणि रोजनिशी. मूळ कागद कोणालाही देऊ नका, स्वतःच्या वकिलालाही झेरॉक्सच द्या आणि मूळ प्रती फक्त न्यायाधिकरणात दाखवा.

७. टक्केवारी एक, कमाईचे नुकसान दुसरे

या पायरीवर सर्वाधिक पैसा गमावला जातो. प्रमाणपत्रावरील टक्के म्हणजे कमाईचे तितकेच टक्के नुकसान, असे विमा कंपनी मांडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे समीकरण नाकारले आहे. डावा हात गमावलेल्या ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास संपते, तर कारकुनाची नोकरी टिकू शकते, असे उदाहरण त्या निकालात आहे. मेंदूच्या दुखापतीत याचीच उलट बाजू दिसते. ज्याचे पोट आकडे, लक्ष आणि लोकांशी संयमाने बोलणे यांवर चालते, त्याचे दोन्ही हात शाबूत असूनही त्याची कमाई बुडते.

फरक किती पडतो ते पाहा. वय ३८, महिना ३०,००० रुपये कमाई, स्वतःचा व्यवसाय असे धरू. भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून महिना ४२,००० होतात, वर्षाला ५,०४,००० आणि या वयाचा १५ हा गुणक, म्हणजे वार्षिक कमाईला वयानुसार गुणायचा ठरलेला आकडा, लावून ७५,६०,०००. कमाईचे नुकसान २० टक्के मानले तर १५,१२,००० रुपये मिळतात, ६० टक्के मानले तर ४५,३६,०००. म्हणून नियोक्त्याची, सहकाऱ्याची किंवा जुन्या ग्राहकाची साक्ष आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची प्रत्यक्ष साक्ष आवश्यक असते. नुसते प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही; उलटतपासणीला डॉक्टर उभे राहिले नाहीत तर त्याचे वजन घटते. सांभाळणाऱ्या माणसाचा खर्चही मागावा. डोक्याला गंभीर इजा झालेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा खर्च गुणक लावून मंजूर केला होता. पत्नी किंवा आई सांभाळते म्हणून तो खर्च शून्य ठरत नाही, हे वकिलाला आवर्जून सांगा.

लवकर तडजोडीची घाई करू नका. लोकअदालतीतील निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. वर्षभरानंतर फीट सुरू झाली तरी ते प्रकरण पुन्हा उघडत नाही.

८. नोकरी

सरकारी, महापालिकेच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर २०१६ च्या अधिनियमाचे कलम २० संरक्षण देते: कामावरून काढता येत नाही, पदावनती करता येत नाही, जमणारे दुसरे काम त्याच वेतनश्रेणीत द्यावे लागते. त्यामुळे कोणी आपुलकीने सुचवले तरी राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीवर सही करू नये. खासगी नोकरीत इतके भक्कम कवच नाही, तरी लेखी विनंती करून शांत जागा, लेखी सूचना आणि मधल्या विश्रांतीची मागणी करावी. ती नाकारली गेली तर तोही पुरावा होतो. तक्रारीसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्यात आहेत.

९. सही कोणी करायची

रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर दावा आणि वकीलपत्र त्याच्याच सहीने करा. निर्णयक्षमता अंशतः गेली असल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यात पालक रुग्णाशी विचारविनिमय करून त्याच्याबरोबर निर्णय घेतो. रुग्ण बेशुद्धावस्थेतच असेल, तर पत्नीला किंवा मुलांना मुंबई उच्च न्यायालयात याचिका करून पालक म्हणून नेमणूक मागता येते, तशा नेमणुका न्यायालयाने केलेल्या आहेत. हे न करता बँकेत रुग्णाचा अंगठा उमटवून पैसे काढणे धोक्याचे आहे. मंजूर झालेल्या भरपाईचा मोठा भाग न्यायाधिकरण बहुधा मुदत ठेवीत ठेवायला सांगते. उपचारासाठी मुदतीपूर्वी रक्कम हवी असल्यास डॉक्टरांचे अंदाजपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणात अर्ज करावा.